मास्तरांनी दिलेली दोन वर्षं

पडदा वर जातो.

जानेवारीची सकाळ नुकतीच उजाडते आहे. समोर आदिलाबादचं कापसाचं मार्केट यार्ड. फाटकापासून कापसाने फुगलेल्या टेंपोंची रांग लागली आहे आणि धुक्यात तिचं शेपूट दिसत नाही. चहाच्या टपरीभोवती ड्रायव्हर कांबळी पांघरून उभे आहेत. एक जण तेलुगूत भाव विचारतो, दुसरा उर्दूत उत्तर देतो, तिसरा मराठीत दोघांची थट्टा करतो. डाव्या विंगेतून, म्हणजे जैनथच्या रस्त्याकडून, पावलांचा आवाज येतो. ढोलकीवाल्याने साधा ठेका धरावा आणि तो सोडूच नये, तसा. धुक्यातून एक बाई धावत प्रवेश करते. उंच, सडसडीत, कानांना मफलर, पायात झिजलेले बूट, लांब हात कोपरात दुमडलेले. ड्रायव्हर बाजूला सरकून वाट देतात. "नमस्ते मॅडम," कुणीतरी म्हणतं. ती एक हात वर करते, मनगटावरचं घड्याळ बघते आणि उजव्या विंगेत नाहीशी होते.

चाळीस वर्षं मी जलशाच्या स्टेजवर काढली. प्रवेश कसा घ्यावा हे शिकायला आमच्याकडे दोन-दोन हंगाम जायचे. या बाईला ते कुणी शिकवलं नाही.

ही जयवंताबाई. एका मंडळाच्या, म्हणजे तालुक्याहून लहान भागाच्या, तहसील कचेरीत सीनियर असिस्टंट. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, सगळे तिच्या टेबलावरून जातात. अधूनमधून जन्मतारखेच्या दुरुस्तीची दरखास्तही येते. मला ती मामा म्हणते. माझं आणि तिच्या आईचं रक्ताचं नातं नाही, तरी या 'मामा'ला आधार आहे. तो पुढे येईल.

धावायला ती बेचाळिसाव्या वर्षी लागली, आणि तीही सरकारी हुकमाने. राज्य स्थापना दिनाला सगळ्या कर्मचाऱ्यांनी दोन किलोमीटर धावायचं, असा कागद आला. कागद आला म्हणजे धावणं आलं. तिचा नवरा शाळामास्तर होता. तो जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा हर्षदीप दहावीत. घरी बोलायला कुणी नाही आणि कचेरीत बोलायची इच्छा नाही, असे तिचे दिवस चालले होते. शेजारच्या टेबलावरचे लक्ष्मणराव तिला म्हणाले, "मॅडम, तुमी रिक्षानं या आरामात. सही मी करून ठेवतो."

ती आली ती साडीवरच. रेषेवर चपला काढून ठेवल्या, पदर खोचला आणि अनवाणी सुटली. पोलीस खात्यातल्या पोरींच्या आधी पोचली. लक्ष्मणराव बऱ्याच वेळाने पाण्याचं पाकीट चोखत आले आणि म्हणाले, "तुमी पुढे काऊन गेल्या? फोटो तर मागेच काढून राह्यले होते."

दुसऱ्या दिवशी कुठलाही कागद आला नव्हता. तरी ती मैदानावर गेली. त्याला आता दहा वर्षं झाली. आदिलाबादहून जैनथला जाऊन परत येणं म्हणजे जवळपास एक मॅरेथॉन होते, हे गणित तिने पायांनी सोडवलं. वाटेतल्या तेलुगू शाळेची पोरं तिला 'परुगु मॅडम' म्हणतात. परुगु म्हणजे धाव. पाठीवरच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे, आणि परतल्यावर ज्वारीची भाकर नि ठेचा. डाएट म्हणून विचाराल तर एवढंच.

हर्षदीप शिकून हैदराबादला नोकरीला लागला आणि त्याने आईच्या डोक्यात बोस्टन घातलं. अमेरिकेतल्या या शहराची मॅरेथॉन सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिथे नुसती फी भरून बहुतेकांना जाता येत नाही. आपल्या वयाला ठरवून दिलेल्या वेळेत आधी दुसरीकडे मॅरेथॉन धावून दाखवावी लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट विकत मिळत नाही, तालमीत पास व्हावं लागतं. पन्नास ते चोपन्न वर्षांच्या बायकांना तीन तास पन्नास मिनिटं. पंचावन्न ते एकोणसाठ वर्षांच्यांना चार तास. वय धरायचं ते शर्यतीच्या दिवशीचं. हे आकडे लक्षात ठेवा. या गोष्टीतला सगळा पेच तेवढ्यातच आहे.

या जानेवारीत तिने तीन दिवसांची रजा टाकली, नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईला गेली आणि तिथली मॅरेथॉन धावली. मंगळवारी कचेरीत हजर. मेडल पर्समध्ये, डब्याच्या खाली. वेळ तीन तास बावन्न मिनिटं आठ सेकंद.

संध्याकाळी हर्षदीपचा फोन आला. मी तिच्या घरी चहाला बसलो होतो, म्हणून दोन्ही बाजू ऐकल्या. आमच्याकडे फोन स्पीकरवरच चालतो.

"आई, तू बोस्टनले चालली."

"कोन म्हणते?"

"तुहा पासपोर्ट म्हणते. एक जून एकाहत्तर. पुढच्या वर्षी एप्रिलात शर्यत हाय, तवा तू पंचावन्नची. चार तास पाहिजे होते, तू आठ मिनिटं आधी आली. गर्दी झाली तर दोन-चार मिनिटं वरून कापतात, ते कापले तरी तू आतच. सप्टेंबरात फॉर्म भरायचा, बस."

ती कपबशी उचलून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ एकच कप धूत राहिली. जलशात आम्ही आनंद दाखवायला दोन्ही हात वर करायचो. खरा आनंद असा पाठमोरा असतो.

फेब्रुवारीत तिच्या माहेरी, वरूडखेड्याला, सत्कार ठरला. पैनगंगेकडचं हे लहानसं गाव. लक्ष्मणरावांनी पुढाकार घेऊन बॅनर केला. त्यावर जयवंताचा कचेरीतल्या ओळखपत्राचा फोटो आणि मागे विमान. विहाराच्या अंगणात मांडव घातला. पहिल्या रांगेत तिची आई, रुक्माबाई, पांढरी नवी साडी नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईला पहिल्या रांगेत बसायचं म्हणजे काम वाटतं. भाषणाला मला बोलावलं होतं. मी माझी वही घेऊन गेलो.

या वहीविषयी सांगायला हवं. आमच्या पार्टीच्या प्रत्येक प्रयोगाची मी त्यात नोंद ठेवायचो. गाव, तारीख, काय रंगलं, काय पडलं. माईक हातात आल्यावर मी ती उघडली आणि वाचलं: "वरूडखेडा. चौदा एप्रिल एकोणीसशे त्र्याहत्तर. दुपारी चारचा प्रयोग. दुसऱ्या प्रवेशात थांबला. रंगपटात मुलगी झाली."

मग मला राहवलं नाही, मी सगळा प्रवेशच उभा केला. भीमजयंतीचा दिवस, लिंबाच्या झाडाखाली स्टेज, मी सासूच्या लुगड्यात. समोर रुक्माबाई नऊ महिन्यांची, मांडीवर थोरला दौलत. माझ्या लांबलचक संवादाला ही बाई डोळे मिटून ओठ चावू लागली. मला वाटलं, अभिनय लागला. मी आणखी जोरात रडलो. ती कण्हली, तेव्हा मी तर दुसऱ्यांदा रडायला घेतलं. शेवटी सुईणीने खालून ओरडून सांगितलं, "बुवा, तुमचं आवरा, इचं सुरू झालं." जवळची सावली म्हणजे आमचा रंगपट. आम्ही मागचा निळा पडदा उतरवून आडोसा केला. अर्ध्या तासात पोरगी झाली, आणि त्याच पडद्याचं टोक फाडून तिला गुंडाळली. पेटीवाल्याने नाव सुचवलं, जयवंता. पोर ज्याच्या पडद्यात गुंडाळली तो मामा, असं रुक्माबाईने तिथेच जाहीर केलं.

मांडव हसला, टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. किती छान बोललो, असं मला वाटत होतं.

मग बाया एकेक करून जयवंताला फूल द्यायला आल्या. त्यात ताराबाई होती. गावातलीच, जयवंताची बालमैत्रीण. कापूस वेचून बोटं चिरलेली, केस सगळे पांढरे. तिने झेंडूचं फूल दिलं आणि हळूच काहीतरी बोलली. पण माईक चालू होता.

"जयवंते, मामानं त्र्याहत्तर साल सांगितलं. मंग तुही तारीख एकाहत्तरची कशी? अन् माही बी तीच कशी? मी तर तुले कडेवर घेऊन शाळेत नेत होती."

मांडवात खसखस पिकली. ताराबाईला आता थांबता येईना.

"दादाजी मास्तरनं आपल्याले एकाच दिवशी जन्माले घातलं. तुले दोन वर्षं देल्ले, माहे तीन कापले. तुले त्याच्यावर अमेरिका भेटून राह्यली, मले पेन्शन बी भेटत नाही. मास्तर असता तर म्या विचारलं असतं, माहे तीन वर्षं कुठं ठेवले."

सगळे हसले. लक्ष्मणराव तर रुमालात तोंड घालून हसले. जयवंता हसली नाही. फूल हातात धरून ती ताराबाईच्या केसांकडे बघत उभी राहिली.

बाहेरच्या वाचकाला हे नवल वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या भागात अर्धी माणसं एक जूनला जन्मली आहेत. घरी जन्म झालेला, तारीख कुणाला ठाऊक नसायची, आणि शाळा तर जूनमध्ये उघडणार. मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. वय ठरवायची रीतही ठरलेली: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं.

सत्त्याहत्तर सालच्या जूनमध्ये दादाजी मास्तरांसमोर दोन मुली उभ्या होत्या. ताराबाई नऊ वर्षांची. भावंडं सांभाळण्यात तिची तीन वर्षं गेली होती. जयवंता चार वर्षांची. रुक्माबाईला शेतात निंदणीला जायचं होतं, दौलत शाळेत, मग हिला ठेवायचं कुणाकडे? ताराचा हात कानाला लागलाच. जयवंताचाही लागला. हातच तेवढे लांब. मास्तर फार मायाळू होते. मोठी परत पाठवली तर ती पुन्हा येणार नाही, धाकटी परत पाठवली तर तिची आई कामाला जाणार कशी? त्यांनी दोघींना सहा वर्षांचं करून टाकलं. एक जून एकाहत्तर, आणि लगेच खाली पुन्हा, एक जून एकाहत्तर. नऊ वर्षांची आणि चार वर्षांची, दोघी एका तारखेच्या. ताराबाई तिसरीतून सुटली. जयवंता पुढे शिकत गेली.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी जयवंता माझ्या घरी आली. बसली नाही.

"मामा, वही पाहू."

मी दिली. तिने ते पान दोनदा वाचलं, दाखला तपासावा तसं. मग बोटांवर मोजलं.

"पुढच्या एप्रिलात मी चोपन्नची. चोपन्नले तीन-पन्नास पाहिजे. मी दोन मिनिटं आठ सेकंद मागं हाय."

"अगं, पण कागद?"

"कागदावर मी आठ मिनिटं पुढं हाय."

मी तिची समजूत घालायला लागलो. मला मनापासून वाटत होतं की तिने जावं. वरूडखेड्याच्या शेतमजुराची पोरगी बोस्टनच्या रस्त्यावर धावते आहे, हे चित्र मी झोपेतही बघत होतो. मी म्हणालो, "मी पंचविसाव्या वर्षी सत्तरीची सासू केली. कुणी म्हणालं का मी खोटं केलं? प्रेक्षकाला जे दिसलं ते खरं."

"तुमी घरी येऊन रंग पुसत होते, मामा. मले पुसता येत नाही."

मग तिने मला ताराबाईचं सांगितलं. गेल्या वर्षी ताराबाई वयाच्या दुरुस्तीची दरखास्त घेऊन तिच्या टेबलाशी आली होती. कागदावर चोपन्न, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनला तीन वर्षं कमी. "मी तिले काय म्हटलं, ठाऊक हाय? म्हटलं, ताराबाई, कागद म्हणते तेच वय. तीन वर्षांनी ये. तीस वर्षं सगळ्याले हेच सांगत आली मी. अन् हिच्या तर कडेवर बसून मी शाळेत गेली. तिचं वय मले ठाऊक नाही, असं तोंड केलं."

ती वही परत देऊन निघून गेली. मी बराच वेळ दारात उभा होतो. माझ्या भाषणाने हे घडवलं होतं. लक्ष्मणरावांनाही मी सांगितलं, तर ते म्हणाले, "बुवा, तुमाले साल वाचायची काय गरज होती? नुसतं भीमजयंती म्हटलं असतं तर भागलं असतं."

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी चालू होत्या. जयवंता पहाटे धावतच होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून चारला उठून सहाच्या आत परत. आणि सुट्टीच्या दिवशी ती ताराबाईला घेऊन फिरत होती. डॉक्टरांकडून वयाचा दाखला, रुक्माबाईचा जबाब, ताराच्या धाकट्या भावंडांचे कागद. मोठी बहीण धाकट्या भावाहून लहान कशी, एवढं त्या कागदांवरूनच दिसत होतं. दरखास्त तयार झाल्यावर तिने ती स्वतःच्या टेबलावर घेतली नाही. लक्ष्मणरावांकडे सरकवली. "मैत्रीण हाय माही. तुमी तपासा, अन् कमी असन काही तर परत करा."

लक्ष्मणराव हे बोलण्यात ढिले, पण कामात नाहीत. त्यांनी ती दोनदा परत केली. तिसऱ्यांदा मंजुरीला पाठवली. ऑगस्टात ताराबाईचं कागदावरचं वय अठ्ठावन्न झालं. नक्कल हातात देताना लक्ष्मणराव म्हणाले, "घ्या ताराबाई, तुमचे तीन वर्षं सापडले. दफ्तरातच होते." ताराबाईने कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "आज एकदम तीन वर्षं म्हातारी झाली म्या, अन् पेढे बी मीच देऊन राह्यली."

लक्ष्मणरावांनी मग जयवंताला सुचवलं की, आता स्वतःचीही दुरुस्ती करून घ्या, त्र्याहत्तर लागलं की नोकरीची दोन वर्षं वाढतील. ती म्हणाली, "सर्व्हिस बुकातली तारीख आता बदलत नाही. तुमाले नियम ठाऊक हाय, उगीच कायले विचारता?" म्हणजे कागदावर ती एकाहत्तरचीच राहणार होती. तिचं खरं वय सांभाळायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

सप्टेंबर आला. फॉर्मच्या आठवड्यातल्या रविवारी हर्षदीप हैदराबादहून आला आणि दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून बसला. मी होतो, लक्ष्मणराव होते, रुक्माबाई भिंतीला टेकून ज्वारी निवडत होती. हर्षदीपने नाव, पासपोर्ट, जानेवारीतली वेळ, सगळं भरलं. शेवटचं बटण दाबायचं बाकी ठेवून त्याने लॅपटॉप आईकडे वळवला.

"दाब."

"नाही दाबत."

"आई, ते पासपोर्ट पाहतात. पासपोर्टवर जे हाय तेच भरलं. याच्यात खोटं काय हाय?"

"खोटं काहीच नाही. तेच तर वाईट हाय."

"मंग?"

"मंग माह्या पायाले माहीत हाय ना, ते किती वर्षांचे हायेत."

हर्षदीप थोडा चिडला. "दहा वर्षं तू धावून राह्यली. तू नाही गेली तर ते जागा दुसऱ्या कोन्या बाईले भेटन."

"भेटू दे. ते खरीच पंचावन्नची असन."

रुक्माबाईने सूप खाली ठेवलं. सत्कारापासून तिच्या मनात ते सलत असणार. "माहीच चूक हाय सारी," ती म्हणाली. "मीच मास्तरले म्हटलं, तुमी काई बी लिहा पण पोरीले ठेवून घ्या. मले निंदाले जा लागे."

जयवंता उठून आईजवळ जाऊन बसली. सुपातली ज्वारी स्वतः निवडायला घेतली. "तू चुकली नाही, आई. मास्तर बी चुकले नाही. ते दोन वर्षं भेटले म्हणून मी शाळेत गेली, शाळेत गेली म्हणून खुर्चीवर बसली. लय भेटलं त्या दोन वर्षात. शिकायले घेतले ते ठीक हाय. आता धावायले बी तेच घेऊ काय?"

खोलीत कुणी बोललं नाही. स्टेजवर अशी शांतता आली की नवशिका नट घाबरतो आणि पुढचं वाक्य टाकतो. जुना नट ती राहू देतो. मी राहू दिली. माझं मन आता तिला बोस्टनला पाठवायचं थांबलं होतं. ती समोर ज्वारी निवडत बसली होती, आणि याच्यापेक्षा मोठा प्रवेश कुठे बघायला जायचं, असं मला वाटलं. त्रेपन्न वर्षांपूर्वी प्रयोग थांबला तेव्हा पार्टीचे लोक हळहळले होते. वाया गेला नव्हता तो प्रयोग.

हर्षदीपला मात्र रस्ता हवा होता. तो कॅलेंडर बघून म्हणाला, "त्याच्या पुढच्या वर्षी चौदा एप्रिलले तू खरीच पंचावन्नची होशीन. शर्यत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते, म्हणजे पंधराच्या आधी येतच नाही. तवा कागद बी पंचावन्नच्या पुढं, तू बी पंचावन्न. चार तासच लागतीन."

"मंग तवा जाऊ," जयवंता म्हणाली, जणू दुपारची एसटी हुकली आणि संध्याकाळची आहे.

"पण हा जानेवारीचा टाइम तवा चालत नाही. पुन्हा पूर्ण मॅरेथॉन धावा लागन. पुन्हा चार तासाच्या आत."

"धावीन."

"अन् नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं."

लक्ष्मणरावांनी घसा साफ केला. "मॅडम, एक सांगू काय? कागदावरचं वय थांबून राहते. गुडघे कागदावर नाही ना. ते खरेच म्हातारे होऊन राह्यले."

"तुमचे होऊन राह्यले, लक्ष्मणराव. तुमी फोटोसाठी मागं थांबता."

रुक्माबाई हसली, तोंडाला पदर लावून. हर्षदीपने एकदा आईकडे पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला. तो रागावला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे, आणि त्याच्यासाठीच आम्ही गावोगाव फिरत होतो.

ऊन कलल्यावर मी निघालो. जयवंता दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. त्या दिवशी सकाळचं धावणं हर्षदीपच्या गडबडीत राहिलं होतं. मी एकोणऐंशीचा आहे, त्यामुळे एक वर्ष म्हणजे काय हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. मी विचारलं, "जयवंता, या वयात अजून एक वर्ष थांबायचं म्हणजे लांब नाही का गं?"

तिने नाडीची गाठ ओढली, उभी राहिली, घड्याळ शून्यावर आणलं.

"पंचावन्नची होऊ द्या ना, मामा. मास्तरनं एकदा घाई केली, आता मले माह्या वेळेवर जाऊ द्या."